कॅथलिक विद्यापीठात नव्याने जाताय? सुरुवात चॅपेलपासून करा

कॅथलिक विद्यापीठात प्रवेश मिळाला की बहुतेकांना दोनपैकी एक शंका छळते. मी कॅथलिक नाही, मला तिथे परकं तर वाटणार नाही ना? किंवा, मी जन्माने कॅथलिक आहे पण फारसा देवधर्म करत नाही, मला कोणी जाब विचारेल का? पोप जॉन पॉल दुसरे यांनी १५ ऑगस्ट १९९० रोजी कॅथलिक विद्यापीठांसाठी 'एक्स कोर्दे एक्लेझिए' नावाची सनद काढली. तिथल्या प्रत्येकाच्या सदसद्विवेकाच्या स्वातंत्र्याचा पूर्ण मान राखला पाहिजे, हे त्या सनदेतच लिहिलेलं आहे. त्यामुळे प्रार्थनेची सक्ती होईल ही भीती मनातून काढून टाका.

खरी अडचण वेगळीच असते. चार वर्षं त्या आवारात राहूनही अनेकांना तिथल्या गोष्टींचा अर्थ लागत नाही. घंटा का वाजली, आज सगळ्यांच्या कपाळावर राख का आहे, भोजनगृहात शुक्रवारी मासेच का, चॅपेलमधला, म्हणजे आवारातल्या प्रार्थनागृहातला, तो लाल दिवा कधीच का विझत नाही. हे सगळं एका धाग्यात ओवलेलं आहे आणि त्या धाग्याचं टोक चॅपेलमध्ये सापडतं. म्हणून या लेखातल्या पायऱ्या तिथूनच जातात.

आधी संस्थापक कोण ते शोधा

सगळी कॅथलिक विद्यापीठं एका साच्यातली नसतात. काही थेट चर्चने काढली, काही धर्मप्रांताने, म्हणजे एखाद्या बिशपच्या अखत्यारीतल्या प्रदेशाने, आणि पुष्कळशी कुठल्यातरी धर्मसंघाने, म्हणजे व्रतस्थांच्या संघटनेने. बेल्जियममधल्या लूव्हँ विद्यापीठाची स्थापना पोप मार्टिन पाचवे यांच्या अनुमतीने १४२५ साली झाली. मनिलाचं सांतो तोमास विद्यापीठ १६११ साली डॉमिनिकन संघाने काढलं. वॉशिंग्टनमधलं जॉर्जटाउन १७८९ पासून येशूसंघीयांच्या, म्हणजे जेझुइटांच्या परंपरेत वाढलं. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात एदवार सोरँ या फ्रेंच धर्मगुरूंनी १८४२ साली नॉत्र दाम उभं केलं, ते होली क्रॉस संघाचं.

हा इतिहास केवळ माहितीपत्रकापुरता नसतो. संघाचा स्वभाव आवारात उतरतो. डॉमिनिकन संघाचं ब्रीद 'सत्य' आहे, तिथे वाद आणि अभ्यास हीच साधना मानली जाते. बेनेडिक्टाईन मठांच्या नियमावलीतलं ५३वं प्रकरण सांगतं की येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याचं स्वागत साक्षात ख्रिस्त आल्यासारखं करावं. जेझुइट विद्यापीठात 'कुरा पेर्सोनालिस' हे लॅटिन शब्द पहिल्याच आठवड्यात कानावर पडतात. विद्यार्थ्याची काळजी गुणपत्रिकेपुरती न घेता संपूर्ण माणूस म्हणून घ्यायची, असा त्यांचा आशय. फ्रान्सिस्कन असतील तर गरिबांची सेवा आणि निसर्ग यांवर भर दिसेल. तेव्हा जाण्याआधी एवढं एक जरूर वाचून घ्या: संघ कोणता, त्याचा संस्थापक कोण आणि त्याचा स्मृतिदिन कधी. जेझुइटांच्या इग्नेशियसचा ३१ जुलै असतो.

चॅपेलमध्ये पहिल्यांदा एकटे जा, रिकाम्या वेळी

मिस्सेच्या, म्हणजे कॅथलिकांच्या सामूहिक उपासनेच्या, वेळी नको. दुपारी, तासांच्या मधल्या वेळेत जा. निदान अर्धा तास हाताशी ठेवा. फोन बंद करून आत शिरा आणि पुढे सांगितलेल्या क्रमाने पाहा.

दारापासून सुरुवात करा. आत शिरताच पाण्याचं एखादं लहान पात्र किंवा मोठं कुंड दिसेल. कॅथलिक भाविक त्यात बोटं बुडवून क्रुसाची खूण करतात, कारण बाप्तिस्मा, म्हणजे धर्मप्रवेशाचा विधी, पाण्याने होतो आणि चर्चमध्ये प्रवेश त्या बाप्तिस्म्यातून. तुम्हाला हे करायची गरज नाही. फक्त कुंड दारापाशी का ठेवलंय ते लक्षात घ्या. मिनेसोटातल्या कॉलेजव्हिलमध्ये सेंट जॉन्स मठाचं आणि विद्यापीठाचं चर्च आहे, मार्सेल ब्रॉयर या वास्तुविशारदाने काँक्रीटमध्ये घडवलेलं, १९६१ साली पूर्ण झालेलं. त्याच्यासमोर ११२ फूट उंचीचा, घंटा पोटात घेतलेला काँक्रीटचा प्रचंड पडदा उभा आहे. त्याच्या खालून जायचं, मग बाप्तिस्म्याच्या कुंडाची जागा लागते, आणि त्यानंतर मुख्य सभागृह. चालताचालताच धर्मप्रवेशाचा क्रम पायाखालून जातो. मला ही वास्तू फार मोलाची वाटते. नक्षीचा आधार न घेता केवळ चालण्याच्या वाटेतून इतकं सांगणारी इमारत विरळा.

आता वेदी पाहा. जुन्या चॅपेलमध्ये ती मागच्या भिंतीला टेकलेली असते आणि वरती उंच कोरीव पाठ असते. नव्यांमध्ये ती पुढे सरकलेली, चारी बाजूंनी मोकळी असते आणि धर्मगुरू लोकांकडे तोंड करून उभे राहतात. या बदलाचं मूळ १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेत आहे. डिसेंबर १९६३ मध्ये परिषदेने उपासनेविषयीचा दस्तऐवज संमत केला, त्याने लोकभाषांना दार उघडलं आणि सर्वांनी जाणीवपूर्वक, सक्रिय भाग घ्यावा असा आग्रह धरला. त्यानंतर जगभरच्या चर्चची आतली मांडणी बदलत गेली. कॉलेजव्हिलचं चर्च मात्र परिषद भरण्याआधीच बांधून झालं होतं, आणि तरी तिथे वेदीच्या एका बाजूला मठवासी आणि दुसऱ्या बाजूला लोक अशी रचना आहे. परिषदेने जे नंतर मांडलं, त्याचा विचार त्या मठात आधीपासून चालू होता. तुमच्या चॅपेलचं बांधकाम कधीचं आहे हे विचारा आणि वेदी कुठे आहे ते पाहा. दोन वेदी दिसल्या, एक भिंतीपाशी आणि एक पुढे, तर दोन्ही काळ एकाच छताखाली नांदत आहेत असं समजा.

वेदीच्या आसपास कुठेतरी, कधी बाजूच्या छोट्या दालनात, धातूची किंवा दगडाची लहान पेटी असते आणि जवळ तेवता दिवा, बहुधा लाल. या पेटीला टॅबरनॅकल म्हणतात. मिस्सेत अर्पण केलेला ख्रिस्तप्रसाद, म्हणजे पवित्र केलेली भाकर, इथे जपून ठेवतात आणि कॅथलिक श्रद्धेनुसार त्यात ख्रिस्त प्रत्यक्ष उपस्थित असतो. दिवा त्या उपस्थितीची खूण आहे. म्हणूनच लोक इथे एक गुडघा टेकून नमन करतात आणि म्हणूनच चॅपेल रिकामं असलं तरी कॅथलिक माणसाला ते रिकामं वाटत नाही. ही गोष्ट समजली की आवारातल्या निम्म्या वागणुकीचा उलगडा होतो. तुम्ही गुडघा टेकला नाही तर कोणी बोलणार नाही. शांतपणे थांबून पुढे जा.

भिंतींवर १४ चित्रं किंवा शिल्पं ओळीने लावलेली दिसतील. ही क्रुसाची वाट: येशूला मृत्युदंड फर्मावल्यापासून कबरीत ठेवण्यापर्यंतचे टप्पे. उपवासकाळात, म्हणजे ईस्टरआधीच्या तपश्चर्येच्या आठवड्यांत, शुक्रवारी भाविक एका चित्रापासून दुसऱ्याकडे चालत प्रार्थना करतात. पहिल्या चित्रापासून क्रमाने एकदा तुम्हीही चाला. पश्चिमी चित्रकलेतले पुष्कळ प्रसंग मग ओळखीचे होतात.

उजेडाकडे लक्ष द्या

चॅपेलच्या वास्तुकलेत दगडाइतकंच काम उजेड करतो, आणि याबाबतीत विद्यापीठांची चॅपेल्स फार धीट असतात. गावच्या चर्चला जे धाडस परवडत नाही, ते इथे केलेलं दिसतं.

सिअॅटल विद्यापीठातलं सेंट इग्नेशियस चॅपेल हे त्याचं उत्तम उदाहरण. स्टीव्हन हॉल यांनी रचलेलं, १९९७ मध्ये पूर्ण झालेलं. दगडी पेटीत ठेवलेल्या प्रकाशाच्या सात बाटल्या, अशी त्यांची मूळ कल्पना होती. भिंती म्हणजे जमिनीवर ओतून मग उभे केलेले काँक्रीटचे २१ एकमेकांत बसणारे भाग. छतातून वेगवेगळ्या दिशांना तोंड केलेले आकार वर निघतात आणि प्रत्येकातून येणारा उजेड उपासनेच्या एकेका भागावर पडतो. रंगीत काच तर आहेच, शिवाय भिंतीपासून थोडं पुढे उभ्या केलेल्या पडद्यांच्या मागच्या बाजूला गडद रंग दिलेला आहे. तो रंग थेट दिसत नाही, त्याची आभा मागच्या पांढऱ्या भिंतीवर उमटते. ढग सरकले की भिंतीचा रंग हलतो. पवित्र प्रसादाच्या दालनात भिंतींना मधमाशांच्या मेणाचा थर आहे. या साऱ्यामागे इग्नेशियसच्या साधनेतला विचार आहे: मनाला धीर देणारे आणि मनाला काळवंडून टाकणारे असे दोन्ही क्षण नीट निरखायचे, त्यांतला फरक ओळखायचा. बाहेर उथळ पाण्याचं तळं आहे. सकाळी एकदा आणि सूर्यास्ताच्या सुमारास एकदा, असं दोनदा न पाहता हे चॅपेल पाहिलं असं म्हणू नये.

त्याच १९९७ साली ह्यूस्टनच्या सेंट थॉमस विद्यापीठात फिलिप जॉन्सन यांचं सेंट बेसिल चॅपेल झालं. पांढरा घन, त्यावर सोनेरी घुमट आणि दोन्हींना छेदून जाणारी काळ्या ग्रॅनाईटची सपाट भिंत. तीन आकारांत सगळं सांगून मोकळं. माझा कल सिअॅटलकडे आहे, पण घन, गोल आणि भिंत यांची ती जुळणी पाहिली की भूमितीलाही भक्तिभाव असू शकतो हे पटतं.

याच्या दुसऱ्या टोकाला नॉत्र दामची सेक्रेड हार्ट बॅसिलिका. काम १८७० मध्ये सुरू झालं, अभिषेक १८८८ मध्ये. उंच टोकदार कमानी, फ्रान्समधल्या ल मां इथे घडवलेल्या रंगीत काचा आणि लुइजी ग्रेगोरी या इटालियन चित्रकाराने रंगवलेल्या भिंती आणि छत. इथे डोळ्याला विश्रांती नाही, आणि ती द्यायचा हेतूही नाही. स्वर्ग गजबजलेला आहे, संत तुमच्यासोबत उभे आहेत, असं ही वास्तू सांगते.

आणि मिल्वॉकीच्या मार्केट विद्यापीठातलं सेंट जोन ऑफ आर्क चॅपेल पाहिलं तर आणखी तिसराच अनुभव येतो. हे मुळात फ्रान्समधल्या लिआँजवळच्या शास गावचं मध्ययुगीन चॅपेल. विसाव्या शतकात ते दगडन् दगड सोडवून आधी न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडला आणलं गेलं, मग मार्केट विद्यापीठाला दान मिळालं आणि १९६६ मध्ये तिथे खुलं झालं. आतल्या एका दगडाला जोनने, म्हणजे फ्रान्ससाठी लढलेल्या त्या संत वीरांगनेने, ओठ लावले आणि तेव्हापासून तो आजूबाजूच्या दगडांपेक्षा गार लागतो, अशी आख्यायिका आहे. नवे विद्यार्थी हात लावून पाहतातच.

पहिली मिस्सा

रविवारची संध्याकाळची मिस्सा निवडा. विद्यार्थ्यांची गर्दी तेव्हा असते आणि प्रवचनही बहुधा त्यांना उद्देशून असतं. दहा मिनिटं आधी पोचा. मधल्या किंवा मागच्या बाकांवर, रांगेच्या कडेला न बसता थोडं आत बसा, म्हणजे पुढच्या लोकांकडे पाहून कधी उठायचं, कधी बसायचं ते कळेल. गुडघे टेकायची वेळ आली आणि तुम्हाला तसं करायचं नसेल तर बसून राहिलं तरी चालतं. कपडे नेटके असले की पुरे, टोपी मात्र पुरुषांनी काढावी.

मिस्सेचे दोन मोठे भाग. पहिल्यात बायबलमधली वाचनं, स्तोत्र, शुभवर्तमान (येशूच्या जीवनाची कथा) आणि प्रवचन. शुभवर्तमान वाचताना सगळे उभे राहतात. दुसऱ्यात भाकर आणि द्राक्षारस अर्पण होतो. मध्ये दानाची टोपली फिरेल, काही टाकलं नाही तरी हरकत नाही. 'शांती असो' म्हणत आजूबाजूचे हात मिळवतील तेव्हा तुम्हीही मिळवा, यात कुठलीही धार्मिक अट नाही.

एका गोष्टीत मात्र काटेकोर राहा. ख्रिस्तप्रसाद, म्हणजे कम्युनिअन, कॅथलिक नसलेल्यांनी घ्यायचा नसतो. इथे सौजन्याने 'हो' म्हणून पुढे हात करणं चूक ठरतं, कारण तो प्रसाद स्वीकारणं म्हणजे त्या श्रद्धेला आपली संमती देणं. दोन मार्ग आहेत. जागेवर बसून राहा आणि शेजारच्यांना जायला वाट द्या. किंवा, अनेक ठिकाणी रूढ आहे त्याप्रमाणे, रांगेत जाऊन दोन्ही हात छातीवर आडवे घ्या. धर्मगुरू फक्त आशीर्वाद देतील. सगळीकडे ही पद्धत नसते, म्हणून आधी शेजाऱ्याला विचारून घ्या.

आणखी एक. कधी चॅपेलमध्ये शिराल तेव्हा वेदीवर सूर्यकिरणांसारख्या सोनेरी चौकटीत गोल पांढरा प्रसाद ठेवलेला असेल आणि लोक निःशब्द बसलेले असतील. ही आराधना. त्या वेळी फिरून वास्तू पाहायची नाही, छायाचित्रं तर नाहीतच. बसायचं असेल तर अवश्य बसा.

पंचांग हाताशी ठेवा

शैक्षणिक वर्षासोबत इथे उपासनेचं वर्षही चालतं, आणि धर्मगुरूंच्या झग्याचा रंग तुम्हाला दिवस सांगतो: एरवी हिरवा, आगमनकाळात आणि उपवासकाळात जांभळा, नाताळ आणि ईस्टरला पांढरा, पेंटेकॉस्टला, म्हणजे पवित्र आत्मा उतरल्याच्या सणाला, आणि हुतात्म्यांच्या दिवशी लाल.

वर्षाच्या आरंभी पवित्र आत्म्याची मिस्सा होते. सिसिलीतल्या मेसिना इथे १५४८ साली जेझुइटांची पहिली शाळा निघाली, तेव्हापासूनची ही परंपरा सांगतात. प्राध्यापक झगे घालून मिरवणुकीने येतात. ही एक मिस्सा कुठल्याही धर्माच्या नव्या विद्यार्थ्याने चुकवू नये असं मला मनापासून वाटतं, कारण सगळं विद्यापीठ एकत्र दिसण्याचे प्रसंग फार थोडे असतात. नाताळच्या आधीचे चार आठवडे आगमनकाळ, हिरव्या पानांच्या चक्रात दर रविवारी एक मेणबत्ती वाढत जाते.

राखेच्या बुधवारी उपवासकाळ सुरू होतो. त्या दिवशी वर्गात, ग्रंथालयात, खानावळीत कपाळावर राखेचा क्रूस असलेली माणसं दिसतील. 'काहीतरी लागलंय' असं सांगू नका. राख घ्यायला कॅथलिक असणं आवश्यक नाही, कोणीही घेऊ शकतं. या काळातल्या शुक्रवारी कॅथलिक मांस खात नाहीत, म्हणून भोजनगृहात मासे. राखेच्या बुधवारी आणि गुड फ्रायडेला १८ ते ५९ वयाच्या लोकांना उपासही असतो, तेव्हा त्या दिवशी मित्राला जेवणाचा आग्रह नको.

ईस्टरची तारीख दरवर्षी बदलते. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार, म्हणजे २२ मार्च ते २५ एप्रिलच्या दरम्यान कधीही. सुट्ट्या त्यावर ठरतात, तिकिटं काढण्याआधी पाहून घ्या. पण शक्य असेल तर ईस्टरच्या आधीचे तीन दिवस आवारातच राहा. गुरुवारी पाय धुण्याचा विधी होतो आणि नंतर वेदीवरची वस्त्रं काढतात. शुक्रवारी टॅबरनॅकल उघडं आणि रिकामं असतं, दिवा विझलेला. शनिवारी रात्री बाहेर अग्नी पेटवतात, त्यावरून मोठी मेणबत्ती लावतात, तिच्यावर त्या वर्षाचे आकडे कोरलेले असतात. अंधाऱ्या चॅपेलमध्ये ती आत नेतात आणि हातोहात प्रत्येकाची मेणबत्ती पेटत जाते. वास्तुविशारदाने उजेडाचा इतका विचार का केला ते या रात्री समजतं.

आवारातल्या रूढी

काही प्रथा चॅपेलबाहेर पण त्याच श्रद्धेच्या सावलीत वाढलेल्या असतात. नॉत्र दाममध्ये १८९६ साली बांधलेली, फ्रान्समधल्या लूर्द या तीर्थस्थानच्या गुहेची साधारण एक सप्तमांश आकाराची प्रतिकृती आहे. परीक्षेच्या आदल्या रात्री तिथे मेणबत्त्यांची दाटी होते, त्यात सगळ्या धर्मांची मुलं असतात. तिथल्या प्रत्येक वसतिगृहात स्वतंत्र चॅपेल आहे. सांतो तोमासमध्ये नवे विद्यार्थी जुन्या दगडी कमानीतून मिरवणुकीने आत येतात आणि पदवी मिळाल्यावर तिच्यातूनच बाहेर पडतात; मधल्या काळात ती ओलांडली तर पदवी लांबते, अशी समजूत आहे. अशा समजुती पाळा, त्यात गंमतही आहे आणि आपलेपणाही.

वसतिगृहात पाहुण्यांच्या वेळांचे नियम इतर विद्यापीठांपेक्षा कडक असू शकतात. करार नीट वाचा. धर्मशास्त्राचे किंवा तत्त्वज्ञानाचे एक-दोन विषय अनेक ठिकाणी सक्तीचे असतात, तेही आधी पाहून ठेवा. त्यात श्रद्धेची परीक्षा होत नाही, वाचनाची आणि युक्तिवादाची होते. बायबल पूर्वी वाचलेलं नसेल तर त्यातली उत्पत्ती आणि मार्कचं शुभवर्तमान ही दोन पुस्तकं वाचून जा.

तुमच्या स्वतःच्या श्रद्धेचं काय

पहिल्या पंधरवड्यातच कॅम्पस मिनिस्ट्रीच्या, म्हणजे विद्यार्थ्यांच्या धार्मिक गरजा पाहणाऱ्या विभागाच्या, कार्यालयात जाऊन या. प्रार्थनेसाठी खोली, उपासाच्या दिवसांत जेवणाची सोय, सणाला सवलत, हे सगळं तिथेच विचारायचं. १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेच इतर धर्मांविषयी आदराची भूमिका जाहीर केली होती, त्यामुळे तुम्ही उपकार मागत नाही आहात. जॉर्जटाउनने १९९९ साली पूर्णवेळ मुस्लीम धर्मगुरू नेमला, पुढे हिंदू धर्मगुरूही आले आणि आवारात हिंदू, बौद्ध, जैन, शीख अशा परंपरांसाठी ध्यानकेंद्र झालं. तुमच्या विद्यापीठात अशी सोय नसेल तर दोन-चार जणांनी मिळून लेखी मागणी करा.

मौनाचं शिबिर जाहीर झालं तर नाव द्यायला कचरू नका. इग्नेशियसच्या मूळ साधनेचे चार टप्पे आहेत आणि ती पूर्ण स्वरूपात साधारण ३० दिवसांची असते. विद्यार्थ्यांसाठी शनिवार-रविवारच्या छोट्या आवृत्त्या निघतात. कॅथलिक नसलेल्यांना त्यात घेतात का, तेवढं विचारा. आणि गाता येत असेल तर चॅपेलच्या गायनवृंदाची चाचणी द्या. ती सत्राच्या अगदी सुरुवातीला होते, सूचना चॅपेलच्या दारावरच लावलेली असते.